स्क्रीनवर नसलेल्या ओळी

सर, परवा ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीनं मला तोंडावर विचारलं, "स्क्रीन समोर हाय, मला दिसतंय, तुमाला दिसतंय, मग हे वाचून कशापायी दाखवायचं?" बाकीचे माना खाली घालून हसले. आमच्याकडे नियमच आहे. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यानं तो ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं स्क्रीनकडे पाठ करून ऐकायचा. डोळा सवयीनं पुढं सरकतो, कान अडतो, असं मी तिला सांगितलं. तिला पटलं, आणि ते खोटंही नाही. पण ही पद्धत आली कुठून, ते मी तिलाच काय, कुणालाच कधी सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

अंबाजोगाईतली ती माडीवरची खोली आठवतेय. सहा मशीन, त्यातलं एक कायम उघडं पडलेलं. मी घाटनांदूरहून रोज यायचो. डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स. जाहिरातीत 'प्रत्यक्ष कामातून शिक्षण' असं छापलं होतं आणि ते खरं मानणारे बहुधा तुम्ही एकटेच. फळ्याला तुम्ही कधी हात लावला नाहीत. पहिल्याच दिवशी फॉर्मवर एक बटण ठेवायला लावलंत, ते दाबल्यावर काय व्हावं ते लिहायला लावलंत आणि म्हणालात, "आता वाच." आम्ही वाचायचो, नाव रिकामं असेल तर हा निरोप दाखव, नसेल तर पुढं जा. माझ्या शेजारी बसणारा गेवराईचा पोरगा कुजबुजायचा, "बालवाडीत घातलं बे आपल्याला." क्लासचे मालक दारातून डोकावून म्हणायचे, "सर, पारायण कधी उठणार?" तुम्ही न वळता म्हणायचात, "पारायण न्हाई मालक, पंचनामा हाय."

एके दिवशी प्रिंटरची शाई संपली आणि माझा कागद कोराच बाहेर आला. मी काही बोलायच्या आत तुम्ही तो उचललात, वरून खालपर्यंत नजर फिरवलीत आणि म्हणालात, "बरोबर हाय, फायलीला लाव." मी लावला. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे नीट लक्ष द्यायला लागलो. माझे कान पहिल्यापासून तिखट, पण तुमचे माझ्याहून तिखट निघाले. आम्हाला तुम्ही खोकल्यावरून ओळखायचात. खुर्च्यांच्या पाठी चाचपत मशीनपर्यंत यायचात. चहाचा ग्लास आधी बोटांनी शोधून मग धरायचात. साखरेनं तुमचे डोळे खाल्ले होते आणि क्लासात हे फक्त मला कळलं होतं. मालकांना शंका होती. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, "सरांच्या नजरेचं काही हाय का रे? असंल तर सांग, दुसरा माणूस बघावा लागंल." मी म्हणालो, "न्हाई ओ, चष्मा बदलायचा राहिलाय त्यांचा." या उत्तराचा मला फार दिवस अभिमान होता.

मग ते लॅबचं निघालं. गावातल्या एका डॉक्टरांना रक्त-लघवीच्या रिपोर्टांसाठी प्रोग्रॅम हवा होता आणि तो चालवायला कायमचा एक माणूस. तुम्ही ज्याचं नाव द्याल तो लागणार होता. आमच्या घरात पगार आणणारं तोवर कुणी झालं नव्हतं. मला ती जागा हवीच होती. प्रोग्रॅममध्ये एकच जागा धोक्याची होती. तोच नंबर पुन्हा टाकला गेला तर जुना रिपोर्ट पुसून नवा त्यावर बसायचा, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर. ते अडवणाऱ्या नऊ ओळी मी एका सकाळी लिहिल्या आणि लाईट गेली. यूपीएस नुसता कोकलला. लाईट परत आली तेव्हा माझ्या नऊ ओळी गेलेल्या होत्या आणि तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे होतात. "वाच."

मी वाचलं. होतं तेवढं संपलं, तरी मी थांबलो नाही. पाठ होत्या त्या नऊ ओळी, अडखळलो नाही, आवाज हलू दिला नाही. तुम्ही "बरोबर" म्हणालात. बाकीचे चहाला खाली उतरले तेव्हा तुम्ही वाकून हळूच बोललात, "चाक थांबलं तरी तू वाचतच होतास." माउसचं चाक, सर. लांब प्रोग्रॅम वाचताना ते टकटक फिरत राहतं. ते कुठं थांबलं ते तुम्ही ऐकलं होतंत.

"लिहिलतं सर. लाईट गेली."

"मग तसं सांगायचं. उद्या एखाद्या बाईच्या हातात भलताच रिपोर्ट पडला तर तिला काय सांगशील, लाईट गेलती म्हणून?" आवाज चढवला नाहीत. "वाचलंस ते बरोबर हाय. आता लिही. आन् ह्या बारीला सेव्ह कर."

मी लिहिलं. तुम्ही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिलात, परत वाचून घेतलंत, चाक शेवटपर्यंत फिरलं. लॅबचं मात्र अवाक्षर काढलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलंत. "कागद घे. डॉक्टरांना चिठ्ठी द्यायचीय. मी सांगतो, तू लिही." आणि सांगितलंत, "या मुलाला घ्यावे. चूक दाखवली तर वाद घालत नाही, बसून दुरुस्त करतो." स्वतःची शिफारस मी स्वतःच्या अक्षरात लिहिली, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मग तुम्ही पेन मागितलंत आणि म्हणालात, "सही कुठं करू? दाखव." मी तुमचं बोट धरून कागदावर टेकवलं. सही जरा वर चढत गेली.

त्या लॅबमुळे मी उभा राहिलो. दुसऱ्या लॅब आल्या, दवाखाने आले, स्वतःचं ऑफिस झालं. आज जे काही आहे ते त्या चिठ्ठीवर उभं आहे. तुम्ही पुढल्या वर्षी आपण होऊन क्लास सोडलात आणि काही वर्षांत गेलातच. तुमच्या पुण्यानुमोदनाला, त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी आलो होतो. वंदना झाल्यावर लोक बोलायला उठले, कुणी म्हणालं, सरांची वाचून घेण्याची पद्धत काय वेगळी होती. मलाही उठवत होते. मी हात जोडून बसून राहिलो. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

कारण दुसरंच होतं, आणि हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच ते लिहितोय. तुम्ही मला पकडलंत त्या संध्याकाळी घरी परतताना गाडीत बसून मी ठरवलं होतं की सरांनी आपलं नाव दिलं नाही, तर मालकांकडे जायचं. वाक्य तयार होतं, "तुमी विचारलं होतं ना मालक, सरांना दिसत न्हाई." आवाजात राग येऊ नये म्हणून मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. तुम्ही चिठ्ठी दिलीत, म्हणून ते बोलायची वेळ आली नाही. इतकी वर्षं मी स्वतःशी असंच धरून चाललो की तुमचं गुपित मी राखलं. घाटनांदूर येईपर्यंत माझा विचार बदललेला नव्हता, सर.