फ्रिजातला सिला

२ नोव्हें. ९८
दादा गेला परत हिमाचलला, ड्यूटीवर. जाताना वहिनीला मूठभर गड्डे देऊन गेला. सायबाच्या माळ्यानं दिलेले. नाव सिला. बर्फ वितळला की निळं फूल येतं म्हणे. दिसतात जांभळ्या बारक्या कांद्यासारखे. मखमलाबादला बर्फ कुठला, म्हणून संक्रांतीपर्यंत फ्रिजात. राखण माझ्यावर. का, तर मी मोकळा.

२० नोव्हें.
आई दोनदा गड्डे भाजीत टाकायला निघाली. पिशवीवर कवटी काढली. आता फ्रिजच उघडत नाय, पाणी पण मलाच मागते. वैताग.

१७ जाने. ९९
लावले कुंडीत.

२८ जाने.
वहिनी रोज आधी कुंडीत बघते, मग माझ्याकडं. उगवत नाय तर मी काय ओढून काढू? काल मोड आलेला कांदा खोचला कुंडीत, गंमत म्हणून. आज वहिनीनं शेजारच्या काकूंना बोलावलं दाखवायला. आप्पांनी पात चुरडून वास घेतला. "सूनबाई, कांदा हाय हा. राहू दे, पात भाजीला होईल."
वहिनी माझ्याकडं बघून नुसतं "बरं भावजी" म्हणून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

९ फेब्रु.
आला. खराच. कांद्याच्या शेजारीच. पानं, मधे दांडा, वर कळी. वहिनी बघायला पण उठली नाय. "आता काय, लसूण?" आईची शपथ घेतली. आई म्हणे, मला मधे आणू नको.

१२ फेब्रु.
मार्केटातून आलो तर दांडा गायब. आप्पा निवांत चहा पितायत.
"डेंगळा आलता, मोडला. फूल धरलं की कांदा पोसत नाय."
जिंदगी गेली कांद्याचे डेंगळे मोडण्यात, कुंडीतला कसा सुटेल. भांडणार तरी काय, कांदा खोचला कोणी?
उकिरड्यात सापडला. कळी मिटलेली, टोकाला निळं. वहिनीच्या हातात दिला. आप्पा चष्मा लावून बघत राहिले. म्हणे, कांद्याला निळं नसतं.

१३ फेब्रु.
दांडा पाण्याच्या ग्लासात, ग्लास फ्रिजात. वहिनी सारखं दार उघडते. "उमलेल का हो भावजी?" लय दिवसांनी धड बोलली आन् मलाच माहीत नाय. बाकीचे गड्डे मातीतच. आप्पा कुंडीपाशी स्टूल टाकून कोंबड्या हाकलतायत.
उद्या दादाचा फोन. वहिनी म्हणे, फूल आलं म्हणून सांगा.
"खोटं सांगू?"
"तुम्हाला जमतं की."
परत फ्रिजचं दार वाजलं.