न दिलेली बारावी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून ठिकाणावर नाही. प्रमोशनचा फॉर्म भरायला गुरुग्रामच्या हेड ऑफिसात गेलो, तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "बारहवीं की मार्कशीट?" सांगितलं, दहावीनंतर डिप्लोमा केला, त्यावर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. बारावी मध्ये येतच नाही! डिग्री समोर ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली. "पर बारहवीं?" रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही म्हणे. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, "फेल लिख देती हूँ, चल जाएगा."

जी परीक्षा दिलीच नाही, तिच्यात नापास! मानेसरच्या प्लांटमध्ये नवे इंजिनिअर माझ्याकडून मशीन शिकतात, यार.

आणि मी काय केलं? "अच्छा मॅडम" म्हणून सही केली. माझ्याच पेनाने.