गाण्यातला ‘मले’

बाबा, तुम्ही जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी तुमचा आवाज माझा पिच्छा सोडत नाही. इथे पुण्यात नळ बंद केला, घर जरा गप्प झालं, की तुम्ही मागच्या खोलीत गायला लागता. तेच भावगीत. शेवटच्या कडव्यातल्या ‘मला’पाशी येता आणि थांबता. म्हणा की हो पुढे! मी ओलं भांडं हातात धरून उभी राहते. पुढे काही येत नाही.

डोणगावात वांगी-मिरची पिकवणारा माणूस भावगीतं म्हणतो, याचं लोकांना नवल वाटायचं. पंचायतीच्या रेडिओवर ऐकलेलं गाणं तुम्ही वाफ्यांना पाणी देता देता घोटायचात. गळ्यात गोडवा होता, पण जिभेवर वऱ्हाड. ‘मला’ म्हणायला जावं की ‘मले’ निघायचं. मेहकरला पुण्याचा मोठा भावगीत गायक येणार, मध्यंतरात इथल्या एकाचं गाणं ऐकणार आणि तो एक म्हणजे तुम्ही, असं ठरलं तेव्हा मी तुमची मास्तरीण झाले. पंधरा वर्षांची, वर्गात मराठीत पहिली. काय तो तोरा! चुलीपुढे तुम्ही भाकरी मोडताय आणि मी ओरडतेय, “ला, बाबा, ला!” तुम्ही म्हणता, “अवं, मले येते ना ते!” माय तोंडाला पदर लावून हसते. “त्याइले आवडलं तं पुण्याले नेतीन मले,” असं म्हणून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात.

मेहकरला शाळेचा हॉल दुपारीच भरला होता. माझ्या वर्गातल्या मुली शेजारी सतरंजीवर. तुम्ही डोळे मिटून असे गायलात, की बायकांच्या हातातले पंखे थांबले. आणि जिथे सगळा जीव ओतायचा तिथेच आला ‘मले’. गायक हसला नाही. हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. मुलींनी हसायच्या आत आपणच हसावं म्हणून मी हसले, चांगली मोठ्यानं. तुम्ही डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलंत आणि गाणं तिथेच टाकून बाहेर गेलात.

मी तुमच्या मागे निघाले तेव्हा गायकानं मला थांबवलं. “तुझे वडील ना? माझी सहाची एसटी सुटायच्या आत त्यांना स्टँडवर घेऊन ये. मला ते गाणं पुरं ऐकायचंय. आणि तो शब्द बदलू नका म्हणावं.” मी मान हलवली.

तुम्ही फाटकाशी उभे होतात. “काऊन वं, काही म्हणत होते का ते?”

“नाही,” मी म्हणाले.

“हाव,” म्हणालात आणि चालू लागलात. त्यानंतर जाईपर्यंतची तीस वर्षं तुम्ही साधं गुणगुणलासुद्धा नाहीत.

निरोप विसरले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तुम्ही पुण्याला गेलात तर सगळ्यांना तुमची बोली ऐकू जाईल आणि हा माझा बाप आहे हे कळेल, याची मला लाज वाटत होती. हे पत्र कुठे टाकणार, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. त्या मागच्या खोलीतून ‘काही म्हणत होते का ते’ असं तुम्ही आज पुन्हा विचारलंत ना बाबा, तर मी पुन्हा ‘नाही’च म्हणेन.