मोरचुदाची पैज

चौल, भाद्रपद वद्य चतुर्थी, सन १९३३

प्रिय शिवदास,

दर वेळी ‘चिरंजीव’ लिहितो, आज ‘प्रिय’ लिहिलं म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे धड आहेत. तुझी आई मात्र दीड महिना माझ्याशी बोलत नाही. जे काही सांगायचं ते आपल्या गड्याकरवी सांगते. मी पाटावर, ती चुलीपाशी, गुणाजी दाराशी, आणि म्हणते, “गुणाजी, त्यांना विचार, भात वाढू का?” तोही मेला गंभीर चेहऱ्याने मला विचारतो.

तुझं श्रावणातलं पत्र मी रोज उघडतो आणि रोज चिडतो. ‘पैज हरलो. आपल्या इच्छेप्रमाणे मुंबईच्याच कॉलेजात राहून वकील होईन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचं नाव काढणार नाही.’ वैशाखात हाच मुलगा ओटीवर पाहुण्यांदेखत मला म्हणाला होता, “नाना, सुपारीची वाडी रोगाने मरतेय आणि तुम्ही राखणदार देवाला नारळ देऊन मोकळे होता.” तेव्हा तुझ्या जिभेचा राग आला. आता ती जीभ कुठे गहाण टाकलीस, याचा येतो.

मी तरी काय गोड बोललो? पोफळीला पाणी घालायला पदवी लागते का, बैलाला इंग्रजी शिकवणार का, असं बरंच. पाहुणे हसले, मला बरं वाटलं. खरं म्हणणं बाजूलाच राहिलं. पावसाळ्यात रोज उठून झाडाखालची कुजकी सुपारी टोपलीत भरायची आणि घरात येऊन काही झालं नाही अशा तोंडाने चहा प्यायचा, हे मी तीस वर्षं केलंय. ती टोपली तुझ्या हातात नको होती. एवढं सरळ सांगणं जमलं नाही, म्हणून बैल मधे आणला.

मग तू पैज लावलीस. दरवर्षी पहिली गळते त्या विहिरीकडच्या ओळीवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारायचं. सुपारी टिकली तर पुणं, गळली तर वकिली. मोरचुदाची पुडी आणि कृतीचा कागद ठेवून तू मुंबईला गेलास. मी शब्द पाळला. शिमग्याची पिचकारी घेऊन गुणाजी पोफळीवर चढला, तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. वरून ओरडतो, “नाना, झाडाला औषद पाजताय, खालच्यांनाबी थोडं पाजा, लय दात काढतात.” आषाढ सरता सरता ओळ गळली. मी त्याच दिवशी तुला कळवलं, आणि तुझ्या आईने त्याच दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. इतकं टपोरं अक्षर मी जन्मात काढलं नव्हतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुझं उत्तर आलं त्या दुपारी तुझ्या आईने कोनाड्यातला तुझा कृतीचा कागद काढून गुणाजीच्या हातात दिला. “त्यांना सांग, तिसरी ओळ वाचा.” तू तिला अक्षरं शिकवलीस याचा मला तोवर कधी राग आला नव्हता. तिसऱ्या ओळीखाली तू दोनदा रेघ मारलीस: लोखंडी भांडं वापरू नये, मातीचं घ्यावं. शिवदास, मी ते लोखंडी घमेल्यात कालवलं होतं. कागद उघडलाच नव्हता. तीस वर्षं वाडी करणाऱ्याने मुलाची चिठ्ठी वाचून कालवायचं, हे पचेना. मोरचुदातलं तांबं लोखंडाने ओढून घेतलं, घमेल्याला आतून तांबूस पुट चढलं, गुणाजीने दाखवलंही, आणि मी हसलो. श्रावणातल्या उघडिपीत उरलेलं मोरचूद मडक्यात कालवून फाटकाकडच्या ओळीवर मारलं, या वेळी मी स्वतः कागद धरून. आज सकाळी बाकी वाडीत सडा पडलाय. त्या ओळीखाली मी दोनदा वाकून शोधलं. टोपलीत आली ती एक सुपारी, तीही खारीने कुरतडलेली. तू हरला नव्हतास. पुण्याहून अर्ज मागव, येत्या जूनसाठी, मी सही करतो. आणि आईला हे तू निराळं पत्र लिहून कळव. मी सांगायला गेलो तर तेही गुणाजीकरवी सांगावं लागेल.

तुझाच, वाचायला उशिरा शिकलेला,
नाना