चाकाचे नट

प्रिय भोवऱ्या,

फोनवर तू ‘मी बरा आहे’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून पत्र लिहायला घेतलं. बरगडी दुखायची थांबली का? खोटं सांगू नकोस, तुला मी ओळखून आहे. इकडे गाडीचा पत्रा ठोकून सरळ झाला. परवा शेजारीण विचारत होती, तुमच्या मुलाच्या शर्यतीच्या टीममध्ये माणसं किती? म्हटलं, अडीच. पगार टायरांत जाळणारा तू, मेकॅनिक म्हणून तुझे बाबा, आणि ट्रेलर ओढणारी, डबे भरणारी मी अर्धी. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

आता मुद्द्यावर येते. गेल्या शर्यतीत वळणावर तुझं पुढचं चाक निखळलं, गाडी कठड्यावर आदळली, आणि माझी तर पाचावर धारण बसली. तू बाहेर आलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, ते चाक मीच लावलं होतं, चूक माझी. पण चाक बाबांनी लावलं होतं. ते जरा बाजूला झाले की तू गुपचूप एकेक नट काढून परत बसवतोस, हेही मी बघत आलेय. त्या दिवशी तुला शर्यतीआधीच्या तपासणीला लवकर बोलावलं, तेवढं राहून गेलं.

नट आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, तिरका बसला तर ते बोटांना कळतं, पान्याला नाही, हे त्यांनीच तुला शिकवलं. त्यांची बोटं आता बधिर झालीत रे. शर्टाची बटणंसुद्धा मी लावून देते.

तुला वाटतं, त्यांना काही पत्ता नाही. अरे, बाप आहे तो तुझा. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं पुसून फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, मी आता मैदानावर येत नाही, पोराला मारायचं तेवढं बाकी राहिलंय. मग रडले. मलाही रडू आलं, आणि तुम्हा दोघांचा रागही आला. एकमेकांचं मन जपता जपता जिवावर बेतलं असतं की.

तर ऐक. पुढच्या शर्यतीला चाकं मी लावणार. बाबा रोज शिकवताहेत. स्टुलावर बसून असे ओरडतात की शेजारी खिडक्या लावून घेतात. नट तिरका लागला की आता मलाही कळतं. बाबा मैदानावर यायला तयार झालेत, माझ्यावर ओरडायला माणूस हवा ना. तू त्यांची समजूत काढत बसू नकोस. फक्त मी चाक लावलं की त्यांच्यासमोर, उघड उघड, एकेक नट काढून बघ. हे तुला सांगायचं म्हणून ते तीनदा फोनपाशी गेले आणि परत येऊन बसले. शेवटी म्हणाले, तूच लिही त्याला.

तुझीच, हात काळे झालेली,
आई