माणूस असा उडत नाही

२ मार्च २०२५, रविवार
काल नगरला जाऊन नवा मारधाडीचा पिक्चर पाहिला. बरोबर ग्रुपमधले कारभारी, ज्ञानेश्वर आणि त्याची बायको अश्विनी. ग्रुपचं नाव 'शनिवारचा पिक्चर'. काष्टीचा बाजार उरकला की सगळ्यांनी एक पिक्चर बघायचा, रविवारी मत टाकायचं. कल्पना माझी. अॅडमिनही मीच.

हिरोने ऊसतोडीच्या कोयत्याने इंटरव्हलच्या आत अर्धं गाव उभं चिरलं. एकाचा हात तुटून थेट चहाच्या पातेल्यात पडला. मी मेलेले मोजत होतो, पण पॉपकॉर्न आल्यावर हिशेब चुकला.

मत टाकलं. मुद्दा एकच. माणूस असा उडत नाही. एका ठोशात धडधाकट माणूस भिंत फोडून पलीकडे जातो, हे शरीरशास्त्राला मान्य नाही. मी बारावीला बायोलॉजी शिकवतो. कुठला स्नायू काय करू शकतो हे मला कुणी सांगू नये. अर्धा स्टार.

कारभारीने व्हॉइस मेसेज टाकला. लई हानलंय, पैसं वसूल. एवढंच. अंगठ्यांची रांग लागली. मला एक अंगठा आला. तो माझ्या बायकोचा, इंदूचा, आणि तोही चुकून दाबला गेल्याचं तिने जेवताना सांगितलं.

९ मार्च, रविवार
काल घरीच टीव्हीवर पाहिला. व्हिलन ड्रिल मशीनने लोकांच्या गुडघ्यांना भोकं पाडतो. इंदू नावं पडायच्या आतच झोपली. लग्न झाल्यापासून तिने एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मी मात्र नीट पाहिला. रक्त चुकीच्या रंगाचं.

सकाळी चौकात हे सांगत होतो. कारभारी म्हणाला, सर, तुमी कदी कुनाला हानलंय का? मी म्हणालो, नाही. मग कुनाचा मार तरी खाल्लाय? तेही नाही म्हटल्यावर म्हणाला, मग हानामारीत कशाला पडता, लव्हस्टोरीवर बोला. सगळे हसले. कारभारी एके काळचा पैलवान. कान चेपून वड्यासारखे झालेले. त्याच्या बोलण्याला लोक मान देतात.

वाईट वाटलं. माझं मत घरात इंदू विचारत नाही, कॉलेजात प्राचार्य विचारत नाहीत. एवढा एक ग्रुप होता, तिथेही आता तोंड उघडायची चोरी.

खरं तर तिथल्या तिथे कारभारीचा जबडा काढून त्याच्या हातात दिला असता. खालचा जबडा फक्त दोन सांध्यांवर असतो, अवघड काम नाही. पण चौकात बायामाणसं होती.

१० मार्च
संकल्प. रोज पहाटे पाचला उठणे. जोर शंभर, बैठका दोनशे. एप्रिलात गावची यात्रा, तिच्या आत अंगात एवढी रग आणायची की कारभारीने दुरून पाहूनच रस्ता बदलावा.

११ मार्च
सव्वासातला उठलो. जोर चार. सुरुवात महत्त्वाची.

१२ मार्च
ज्वारीच्या पोत्याला कारभारी समजून ठोसा मारला. मनगट सुजलं. ज्वारी गेल्या वर्षीची, त्यामुळे घट्ट बसलेली होती. ताज्या ज्वारीला हा ठोसा झेपला नसता. इंदू धावत आली. पोतं फाटलं नाही ना, ते बघून गेली.

२१ मार्च
वर्गात पार्थ मागच्या बाकावर हसला. डोळा फोडायच्या इराद्याने खडू फेकला. तो खिडकीतून व्हरांड्यात, प्राचार्यांच्या टकलावर. लेखी खुलासा मागितला आहे. पण पल्ला पाहता दंडात ताकद येते आहे.

३० मार्च, पाडवा
अश्विनीने ग्रुपवर पोल टाकला. अॅडमिन कोण हवा, शामकांत सर की कारभारी? यात्रेनंतर पोल बंद. म्हणजे मी सुरू केलेल्या ग्रुपवर मीच उमेदवार. ज्ञानेश्वरचं मत कारभारीला. याच ज्ञानेश्वरला मी तिकिटाच्या रांगेत माझ्या पुढे उभं केलं होतं. त्याचं तंगडं मोडायचं नक्की केलं, पण आज सण आहे.

१२ एप्रिल, शनिवार
कारभारी घरी आला. दाराला कडी लावली होती, पण इंदूने उघडली.

उद्या यात्रेचा हंगामा. म्हणजे कुस्त्या. कारभारी पंच कमिटीत आहे. म्हणाला, सर, चौकात जरा जास्त बोललो, मनात ठिवू नका. उद्या आखाड्यात तुमचा सत्कार ठेवलाय, फेटा बांधू, या. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. किंवा उन्हाचं असेल.

घाबरला. पोत्याची बातमी पोचली असणार. माफ करायचं ठरवलं. आखाड्यात सगळ्या गावासमोर आपली छाप पडली की पोल आपोआप फिरेल. मी याआधी कधी हंगाम्याला गेलेलो नाही. धुळीने शिंका येतात. उद्या गोळी घेऊन जाईन.

१३ एप्रिल, सकाळ
इस्त्रीचा पांढरा शर्ट. आरशासमोर अभिवादनाचा सराव केला. उजवा हात वर, पंजा उघडा, मान थोडी तिरकी. इंदूला विचारलं कसं वाटतं. रिक्षा थांबवल्यासारखं, म्हणाली.

१५ एप्रिल, नगर, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितो आहे.

सत्कार झाला. फेटा बांधला, नारळ दिला, लाऊडस्पीकरवर माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, भरून आलं. एवढ्या लोकांनी माझ्याकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. म्हणून हात वर करून, मान तिरकी करून, आखाड्याला पूर्ण चक्कर मारली.

पब्लिक आधी गप्प झालं, मग पिसाळलं. शिट्ट्या. हलगी कडकडायला लागली. मला वाटलं माझ्यासाठी. माझ्यासाठीच होती.

करण नावाचा लंगोटातला डोंगर समोर आला. हात पुढे केला. मी नारळ काखेत धरून दोन्ही हातांनी मिळवला. त्याने वाकून चिमूटभर माती माझ्या हातावर ठेवली. मी ती कपाळाला लावली. आजकाल एवढी संस्कारी मुलं कुठे मिळतात, असं मनात आलं. पुढचं मनात काही आलं नाही.

त्याने कमरेला मिठी घातली. आभाळ खाली गेलं, फेटेवाले पंच वर गेले. आधी नारळ फुटला, मग माझं गळ्याजवळचं हाड. आवाज सारखाच. पाठ टेकली, तिथे कुस्ती संपली होती. पण मला उठता येईना म्हणून मी मदतीसाठी हात वर केला. करणला वाटलं, सरांचं समाधान झालेलं नाही.

दुसऱ्या खेपेला तोंडावर आलो. दोन दात मातीत सांडले. नाकातलं रक्त पांढऱ्या शर्टावरून पँटवर, पँटवरून बुटात. रंग पिक्चरमधलाच होता. हे नोंदवतो.

कारभारी काल दिवसभर उशाशी बसून होता. म्हणाला, सर, आखाड्यात हात वर करून फिरायचं म्हंजी जोड मागायची, लढायला गडी मागायचा. हात मिळवला की कुस्ती ठरली. आन माती घेतल्यावर देव बी सोडवत न्हाई. मी वरडत हुतो, हात खाली, हात खाली. तुमी मलाच हात दाखवला.

जबडा तारेने बांधला आहे. खालचा जबडा दोन सांध्यांवर असतो, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं.

१६ एप्रिल
कारभारीचा मुलगा हर्षल याने माझ्या कुस्तीचा व्हिडिओ टाकला. तो श्रीगोंद्यापर्यंत गेला, पुढेही गेला. खाली अनोळखी लोकांची मतं. फायटिंग पटली नाही. फेटेवाल्याची ॲक्टिंग ओव्हर आहे, पडल्यावर फार ताणलंय. एकाने लिहिलं, माणूस असा उडत नाही, वायर दिसत नसली तरी लावलेली आहे. त्याला शेकडो अंगठे. मी डाव्या हाताने टाइप केलं, अहो, मी स्वतः उडलो. त्यावर त्याने विचारलं, तुम्हाला शरीरशास्त्रातलं काही कळतं का.

ग्रुपवर कारभारीचा व्हॉइस मेसेज आला. सरांनी मार खाल्लाय, आजपासनं सर हानामारीवर बोलत्याल आन आपन ऐकायचं. सगळ्यांनी अंगठे दिले. मला जबड्यामुळे दीड महिना बोलता येणार नाही. पोल बंद झाला. अॅडमिन कारभारी. मला एक मत होतं, ते माझं.

इंदू स्टुलावर बसून मोबाईल बघत होती. व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. डोळा लागला नाही. संपल्यावर पुन्हा लावला, तोही शेवटपर्यंत पाहिला. मी भुवया उंचावून मत विचारलं. छोटा आहे, म्हणाली, पण चांगला आहे.