सात वर्षांचं द्राक्षासव

डोणगाव,
१२ जानेवारी १९६४

प्रिय अन्नपूर्णा,

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या खामगावच्या बाजारातल्या काळ्या मनुका हव्या आहेत, त्याचं शेवटी लिहितो. आधी बातमी: बाबांनी परवा ती बरणी उघडली.

तुझ्या लग्नाच्या साली ज्वारीच्या कणगीत पुरलेलं द्राक्षासव गं. मनुका तू निवडल्या होत्यास. आसव आंबवायला धायटीची फुलं मी आणली होती, त्यातली निम्मी वाटेत सांडली. बरणी एवढीशी, पण आसव जितकं जुनं तितकं गुणाचं, म्हणून सात वर्षं बाबांनी झाकणावरच्या कापडमातीला कुणाला हात लावू दिला नाही. मध्ये दारूबंदीचा शिपाई वास काढत आला, तर त्यालाच नाडी दाखवायला बसवलं.

रंग पिकल्या जांभळाचा, उन्हात धरलं की लालभडक. तानाबाई औषधासाठी ओट्यावर बसून होती. बाळंतपणानंतर तिच्या सुनेच्या अंगात जोर राहिलेला नाही. पण चाखल्याशिवाय आपल्याकडून औषध बाहेर जात नाही. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग पळीभर घेतलं. मग आणखी पळीभर. आदल्या दिवशी त्यांनी अळणी वरणाची तारीफ केली होती, ते मला तेव्हा आठवलं.

पळी माझ्यापुढे आली. गोड, मागून तुरट, घशाला ऊब. मुरलं की बिघडलं, मला काही सांगता येईना. माझी जीभ भज्यांपुरती, हे तू लहानपणीच जाहीर केलं होतंस. डोळे मिटून काढ्यातलं एकेक औषध ओळखायचीस तू, आणि बाबांनी वैद्यकी शिकायला बसवलं मला. पोरीच्या जातीला नाडी कशाला, म्हणे! त्याचा मला अजून राग येतो.

तानाबाई रिकाम्या हातानं गेली. बाबांनी बरणीला फडकं बांधलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले चव लागूनच नाही राह्यली, नारायण. अन्नीले बोलाव. थे म्हणन तं देऊ, नाही तं सांडून टाकू."

म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या एसटीनं ये, तानाबाईला शनिवारी बोलावलंय. आणि मनुका विसरू नकोस. त्या बाबांनीच सांगितल्यात. पुढची बरणी त्यांना तुझ्या हातची हवी आहे.

तुझाच,
नारायणदादा